वाया गेलेल्या हाळीचा नारळ

गावी गेले की चुलती हमखास विचारायची, "तू तिकडं बंगळूरला नक्की करतेस तरी काय गो?"

मी सांगायची, की माणसांनी वर सोडलेले उपग्रह आणि त्यांचे मोडके तुकडे पृथ्वीभोवती फिरतायत, त्यातले कुठले दोन एकमेकांवर आदळतील का, याचा आधी हिशोब मांडून बघते. ती सुपातले तांदूळ पाखडत थोडा विचार करायची.

"मग आदळला काय कंदी?"

"आपला नाय अजून."

"म्हंजे जा होत नाय ता बगायला तुला तिकडं ठेवलाय."

अंगणातल्या बायका हसायच्या आणि मी चिडायची. मला पटकन राग येतो, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा ते पुरेपूर फायदा घेत. पण माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या माझ्या साहेबांनाही कधी जमली नव्हती. जे होत नाही ते बघत बसणं, हेच आमचं काम. आणि ते मी बंगळूरला नाही, पेणच्या खाडीपट्ट्यात शिकले.

आमचं गाव खाडीला लागून. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, आणि मध्ये चिखलाचा एक बांध. बांधात जागोजागी उघाड्या, म्हणजे लाकडी झडपा. ओहोटीला त्यांतून शेतातलं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडपा मिटायच्या. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ते वर्ष गेलंच, आणि पुढची दोन-तीन वर्षंही तिथे भात धरत नाही. पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत हात बांधून बसायचं, नाहीतर मिठागरावर मजुरीला जायचं. त्यामुळे अमावस्या-पुनवेला उधाण आलं की अख्खं गाव कान देऊन असायचं.

माझे बाबा बांधाचे राखणदार होते. गावाने नेमलेले. उधाणाच्या दिवशी ते अनवाणी बांधावरून चालत जायचे आणि टाचेने माती दाबून बघायचे. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधात बिळं करतात, वरून काही दिसत नाही, आतून बांध पोखरलेला असतो. टाच जराशी जास्त रुतली की बाबा तिथेच थांबून हाळी द्यायचे. मग घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा. मऊ जागेवर चिखल, पेंढा, दगड, जे हाताला लागेल ते टाकायचं आणि पाणी उतरेपर्यंत तिथे उभं राहायचं.

बहुतेक वेळा काहीच व्हायचं नाही. पाणी चढायचं, बांधाच्या माथ्याशी येऊन थबकायचं आणि निघून जायचं. आणि मग आमच्या गावाची एक रीत होती, ती मला पुढे कुठेच दिसली नाही. हाळी खरी ठरली, बांधाला खांड पडून पाणी आत आलं, तर नारळबिरळ काही नाही. तेव्हा सगळे चिखलात. नारळ फुटायचा तो हाळी वाया गेली की. ज्याने हाळी दिली त्यानेच तो बांधावर फोडायचा आणि घरटी एकेक तुकडा वाटायचा. "उगाच बोलावलंस" असं म्हणायला सक्त मनाई होती. म्हणेल त्याच्या घरचा तुकडा बाद. एकदा एकाच्या तोंडून ते निघून गेलं, तर त्याच्या बायकोने त्याला आठवडाभर टोमणे मारले होते.

एका श्रावणातल्या दुपारी बाबांची हाळी आली तेव्हा मीही पुरुषांच्या मागे पळत गेले. हाळीच्या वेळी बायकामुलींनी बांधावर यायचं नाही, म्हणून मी खाली खाचरात, भातात उभी राहिले. वर बघितलं. माझ्या डोक्याच्या वरून एक होडी चालली होती. खाडीचं पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत चढलेलं, मी खाली, आणि होडी आमच्या भाताच्या वरून शांतपणे सरकत होती, होडीतला माणूस वल्हं मारता मारता खाली माझ्याकडे बघत होता. मध्ये फक्त चिखलाचा तो बांध. तोपर्यंत समुद्र म्हणजे लांब कुठेतरी असतो असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं, की आपण त्याच्या खाली राहतो.

पाणी उतरलं. नारळ फुटला. घरी जाताना मी बाबांना विचारलं, "तिथं माती टाकली नसती तर बांध फुटला असता काय?"

"काय म्हाईत," ते म्हणाले.

मला ते उत्तर अजिबात आवडलं नाही. एवढी माणसं बोलावली, एवढा चिखल वाहिला आणि म्हणे काय म्हाईत.

कॉलेजला मी रोह्याला मावशीकडे राहिले. काका एका कंपनीत शिफ्टला जायचे. त्या कंपनीचा धोक्याचा भोंगा अधूनमधून चाचणीसाठी वाजायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी हातातला चहाचा कप टाकून दारात पळाले. मावशी आतून म्हणाली, "बस गो, चाचणी असंल." गल्लीत कोणी मानसुद्धा वर केली नव्हती. पुढे मीही मान वर करेनाशी झाले. पण कुंडलिका नदीच्या काठाने कॉलेजातून परतताना भोंगा वाजला की मनात यायचं, आमच्या गावचे लोक असते तर आज संध्याकाळी इथे नारळ फुटला असता. एकाच तालुक्याच्या अंतरावर माणसं धोक्याशी इतकी वेगळी वागतात, याचं मला नवल वाटायचं.

मग शिक्षण, मग नोकरी, मग बंगळूरची ती खोली. लोकांना वाटतं तिथे मोठ्या पडद्यावर उपग्रह फिरताना दिसतात. आम्हाला दिसायचे ते आकडे. पेणहून रोह्याला गाडीने जायला तासभर तरी मोडतो. वर फिरणारी वस्तू "कासू, नागोठणे, रोहा" एवढं सावकाश म्हणेपर्यंत तेवढं अंतर कापून गेलेली असते. त्या वेगाने लिंबाएवढा तुकडा जरी उपग्रहाला लागला तरी उपग्रह उरत नाही. त्याचे हजारो तुकडे होतात, आणि ते सगळे त्याच वेगाने फिरत राहतात, आणखी कोणावर तरी आदळायला. वरच्या कक्षेत ते आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरतील. हे शेत धुऊन काढायला तिथे पाऊस नाही.

पहिली काही वर्षं मी संध्याकाळी घरी चालत जाताना सारखी वर बघायची. रस्त्यावर रिक्षावाले भांडतायत, भाजीवाली पालकाच्या जुड्या बांधतेय, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून, भर उजेडात, कोणालाही न दिसता, त्या वस्तू चालल्या आहेत. मला ती होडी आठवायची. मी पुन्हा खाली भातात उभी असल्यासारखं वाटायचं आणि अंगावर काटा यायचा. सवय होईल असं सगळे म्हणाले. मला झाली नाही, आणि झाली नाही याचा आनंद आहे.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी, की ती वस्तू आता नेमकी कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. आकाशावर पाळत ठेवणाऱ्यांना ती मध्येच कधीतरी दिसते. त्यावरून पुढची वाट काढायची. पण वर अगदी विरळ का होईना, हवा असते. सूर्य तापला की ती हवा फुगते आणि तुकड्याला जरा जास्त अडवते. म्हणजे सूर्याच्या लहरीने आमचा हिशोब हलायचा. त्यामुळे आम्ही वस्तूची जागा म्हणून एक ठिपका मांडत नसू, तिच्याभोवती एक धुकं मांडायचो: या धुक्यात ती कुठेतरी आहे. दोन धुकी एकमेकांत शिरणार असली, की त्यांच्या पोटातल्या दोन वस्तू एकमेकींना गाठतील अशी शक्यता किती, ते काढायचं. ती ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली, की उपग्रह हलवायचा. हलवायचा म्हणजे किती, तर मुंगीच्या चालीने ढकलायचा. पृथ्वीच्या एका बाजूला दिलेला तो एवढासा धक्का दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत वाढत जातो आणि उपग्रह बाजूने निघून जातो.

आमचा उपग्रह आम्ही पहिल्यांदा हलवला, तेव्हा नंतरच्या मोजणीत दिसलं, की तो तुकडा तसाही भरपूर लांबून जाणार होता. खोलीत सुतकी चेहरे. इंधन फुकट गेलं होतं. मी दुसऱ्या दिवशी उत्साहाने नारळ घेऊन गेले आणि दारातल्या पायरीवर फोडला. बंगळूरला कचेरीत नारळ फुटणं नवीन नाही, म्हणून लोक हसतमुखाने जमले. "कुठला उपग्रह सुटला?" एकाने विचारलं.

"कुठला नाही. कालचं वाया गेलं ना, त्याचा."

मी त्यांच्या जखमेवर मीठ चोळतेय अशीच सगळ्यांची समजूत झाली. साहेबांनी मला खोलीत बोलावून घेतलं आणि कामाच्या ठिकाणी टिंगल शोभत नाही, असं थंड आवाजात सुनावलं. मी गावाची रीत समजावायला गेले, तर ते आणखीच भडकले. गावात इंधन संपतं का, म्हणाले. दिवसभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. नारळ मात्र संध्याकाळपर्यंत संपला होता.

त्या उपग्रहाशी मी पुढे बरीच वर्षं जोडलेली होते. विषुववृत्ताच्या आसपास फिरून तो समुद्रावरचे ढग बघायचा, पावसाळा कसा सरकतोय ते सांगायचा. त्याला हलवायचं की नाही, हा शेवटचा शब्द कालांतराने माझ्याकडे आला. तोवर तो म्हातारा झाला होता. टाकीच्या तळाशी जे काही उरलं होतं ते त्याला खालच्या कक्षेत आणून सोडायला राखून ठेवलेलं, म्हणजे तो स्वतःच कचरा होऊन वर राहू नये. त्यातून आणखी एक धक्का दिला, तर उरलेलं जेमतेम खाली आणण्यापुरतं, पुढे थांबायची सोय नव्हती. लगेच त्याचं काम बंद करून खाली आणायला घ्यावं लागलं असतं. नाहीतर त्याच्या वाट्याला अजून एक पावसाळा होता. तो त्याला बघू द्यावा, असं मला मनापासून वाटत होतं.

त्या वर्षी दिवाळीला मी गावी आले होते. अमावस्येच्या दुपारी, वहिनी लक्ष्मीपूजनाच्या तयारीत असताना, फोन खणखणला आणि तुटला. आमच्या घरात आवाज नीट यायचा नाही, त्यासाठी बांधावर उघाडीपाशी जावं लागायचं. मी तशीच गेले. भरती नुकतीच उतरायला लागली होती.

फोनवर आमच्या बंगळूरच्या खोलीतली साताऱ्याची मुलगी होती, हुशार आणि जरा जास्तच नम्र. एका जुन्या रॉकेटचा तुकडा उद्या दुपारी आमच्या उपग्रहाच्या वाटेत येत होता.

"पण मॅडम, शक्यता मर्यादेच्या खाली आहे," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचं मत हलवू नये असं आहे."

"किती खाली?"

तिने सांगितलं. बरीच खाली होती. मला हायसं वाटलं. मग सवयीने विचारलं, "तुकडा शेवटचा कधी दिसला?"

ती घुटमळली. "मॅडम, तो गेल्या काही दिवसांत नीट दिसलेलाच नाही. गडगडत फिरतोय, आणि सध्या सूर्यही तापलाय. त्याचं धुकं खूप मोठं आहे."

आमच्या हिशोबातली ही मोठी फसवी जागा. धुकं फार पसरलं, की शक्यता पातळ होते आणि आकडा लहान दिसतो. आकडा लहान, कारण आपल्याला काही ठाऊक नाही. धोका कमी झालाय म्हणून नव्हे. शिकवताना मी हे अनेकदा फळ्यावर मांडलं होतं. पण फळ्यावर मांडणं सोपं असतं. इथे माझ्या एका शब्दावर त्या उपग्रहाचा उरलेला पावसाळा होता, आणि मर्यादेच्या खालचा आकडा मला सांगत होता, बस गो, चाचणी असंल.

मी उघाडीपाशी उभी होते. तिथली माती भरतीने मऊ झालेली, चप्पल रुतत होती. वरून बांध धडधाकट दिसत होता. बाबांनी कधी नुसत्या डोळ्यांनी बांध बघितला नाही. बिळं दिसत नाहीत, म्हणून तर टाच लावायची. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगते.

"हलवा," मी म्हणाले.

"मॅडम, मग त्याचं काम—"

"ठाऊक आहे. हलवा. सकाळी धक्का द्या."

पाडव्याच्या सकाळी तो दिला गेला. दुपारी, हिंदी महासागरावर कुठेतरी, दोघं एकमेकांजवळून गेले असणार. दोघांपैकी एकालाही काही कळलं नसेल. मी तेव्हा बांधावर उकिडवी बसून खाडीकडे बघत होते. त्या क्षणी काहीही झालं नाही. एक बगळा उडाला. मग फोन वाजला आणि साताऱ्याची मुलगी म्हणाली, "मॅडम, बोलला." म्हणजे उपग्रह पुढच्या केंद्रावरून जाताना त्याने हाकेला ओ दिली होती. आवाजावरून ती रडत असावी. मीही रडले, पण ते तिला ऐकू जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी मी घरी सांगितलं, की आमचा उपग्रह दिवेलागणीला गावावरून जाणार आहे. बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते, एक डोळा गेलेला, दुसऱ्याला धुरकट दिसायचं. कालपासून मी बांधावर येरझाऱ्या घालतेय हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी काठी घेतली, वहिनीकडून काहीतरी मागून पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "चल, दाखव."

ओहोटी पार खाली गेली होती. उघड्या चिखलाचा वास सगळीकडे पसरला होता. मी वेळ सांगितली होती आणि नेमक्या त्या वेळेला खाडीच्या बाजूने तो उगवला. फिकट, न लुकलुकणारा एक ठिपका, ताऱ्यांमधून संथ चाललेला. मी त्याला इतकी वर्षं आकड्यांत बघत आले होते. अख्खा, शाबूत, तो माझ्या गावावरून चालला होता, आणि मी खाली बांधावर मान वर करून उभी होते.

"हाय काय?" बाबांनी विचारलं.

"हाय. आता डोक्यावर आला."

त्यांनी वर बघितलं. त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. तरी तो गागोद्याकडच्या डोंगरांच्या दिशेने जाऊन विझेपर्यंत त्यांनी मान खाली घेतली नाही. मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुकडा, धुकं, धक्का, बुडालेला पावसाळा.

"नसता हलवला तर आपटला असता काय?" त्यांनी विचारलं.

"काय म्हाईत," मी म्हणाले.

ते हसायला लागले. काठीवर वाकून, खोकला येईपर्यंत हसले. "मला पन कंदीच कळला नाय गो," म्हणाले. "येवढ्या हाळ्या दिल्या. येकीचापन नाय."

मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. मी दगड शोधायला वाकले, त्यांच्यासाठी. आमच्या बांधावर बाईने हाळी दिल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं, नारळ फोडायचा तर प्रश्नच नव्हता. पण बाबांनी चाचपडत माझा हात धरला आणि नारळ माझ्या हातात ठेवला.

"फोड," ते म्हणाले. "हाळी तू दिलीस."

मला तो नीट फोडता आला नाही. अर्धं पाणी माझ्या पायावर सांडलं, भकलं वेडीवाकडी निघाली. बाबांनी अंधुक उजेडात बोटांनी चाचपून वाडीतल्या प्रत्येक घराचा एकेक तुकडा वेगळा केला, आणि ते पोचवायला आम्ही दोघं गावात गेलो. पहिलं घर चुलतीचं होतं.